वैद्य मॅडमनी ठेवलेला नारळ

मॅडम गेल्या, आणि नारळ तसाच राहिला.

आज वर्ष झालं.

समुद्रापार, जुरोंग ईस्टमधल्या आमच्या छोट्या प्रायव्हेट शाळेच्या त्या प्रिन्सिपल. मी तिथे गणित शिकवतो.

गेल्या वर्षी शाळेची तपासणी होती. मान्यता मिळाली नसती तर परदेशातून आलेल्या मुलांना इथे राहून शिकायचा पास मिळाला नसता. आमची बहुतेक मुलं तशीच. म्हणजे शाळाच बंद.

मॅडमची तेव्हा केमो चालू होती. डोक्याला स्कार्फ बांधून त्या यायच्या, फायली बघायच्या, मध्येच डोळे मिटून बसायच्या.
आम्ही आवाज न करता दार लोटून घ्यायचो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला माणूस. आमच्या गावात तपासणीला साहेब आले की त्यांना शाल-श्रीफळ द्यायचे. ते डोक्यातून गेलंच नाही.

तपासणीच्या सकाळी मीही पिशवीतून दोन्ही घेऊन गेलो.

रिसेप्शनवरच्या मिस लिमने पिशवीत डोकावलं आणि तिचा चेहराच उतरला.
"सर, गिफ्ट कॅनॉट लाह. दे विल फेल अस."

मॅडम मागेच उभ्या होत्या.
"काय हो सर, तपासणी आहे की साखरपुडा?"

शाल त्यांनी स्वतःच्याच खांद्यावर घेतली. एसीचा गारवा त्यांना सोसत नव्हता.

नारळ कपाटावरच्या छोट्या गणपतीपुढे ठेवला.
"हा साहेबांचा नाही, देवाचा. मान्यता मिळाली की मी फोडणार. तोवर कोणी हात लावायचा नाही."

तपासणीच्या बाई दिवसभर होत्या. वर्गात मागे बसल्या, मुलांशी बोलल्या. निघताना त्यांची नजर कपाटावर गेली. हे काय, म्हणाल्या.

मी कपाटापुढे सरकलो.

मॅडमनी शांतपणे सांगितलं, आमचे गणिताचे सर घाबरलेत, म्हणून त्यांनी देवाच्या कानावर घालून ठेवलंय.
बाई हसल्या. त्यांची आईही म्हणे परीक्षेच्या दिवशी देवापुढे संत्री ठेवायची.

मान्यता मिळाल्याची मेल आली तेव्हा मॅडम हॉस्पिटलमध्ये होत्या. मी तसाच गेलो, मोबाइलवरून वाचून दाखवली.

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर ऊन होतं आणि पाऊसही होता.

"फोडलात?"
"नाही मॅडम. तुम्ही फोडणार होतात."
"हां. येते मी सोमवारी."

सोमवार आला.
त्या आल्या नाहीत.

नारळाला मग कोणीच हात लावला नाही. मिस लिम त्याच्यावरची धूळ तेवढी पुसायची.

अजूनही सकाळी जुरोंग ईस्टला ट्रेनमधून उतरलो की उन्हात समोरच्या प्लॅटफॉर्मवर कोणीतरी शाल घेऊन उभं असल्यासारखं वाटतं. त्या उकाड्यात शाल कोण घेणार? मी थांबतो. मधून एक ट्रेन जाते. मग तिथे नुसतं ऊन असतं.

आज शाळेत त्यांच्या फोटोला हार घातला. मिस लिम स्वतःच नारळ घेऊन आली आणि माझ्यापुढे धरला.
"सर, टुडे?"

हलवला, तर आत काहीतरी खुळखुळलं. वर्षभराचा नारळ. नासका निघाला तर?

देवाचं नाव घेतलं आणि खाली, मागच्या बाजूच्या पायरीवर फोडला.

पाण्याचा थेंब नाही. आत अख्खा गोटा, करवंटीपासून आपोआप सुटलेला. पांढराशुभ्र.

मिस लिमला वाटलं, खराब झाला. मी सांगितलं, असा गोटा निघणं शुभ, आमच्याकडे बायका तो दोन्ही हातांत धरून डोक्याला लावतात.
तिने तसंच केलं.

मुलांना साखर-खोबरं वाटलं. एक तुकडा मॅडमच्या टेबलावर ठेवलाय.

वर्ग भरलेत, मॅडम. खाली रिसेप्शनपर्यंत पाढ्यांचा आवाज येतोय.

आणि नारळ चांगला निघाला.

तुम्हाला मनापासून नमस्कार.