नवऱ्यामुलाच्या बापाचं लोटांगण

फेहिंतोला ओयेवुमी बेकार आहे, असं तिची आई म्हणायची. आमच्या इदी-ओपे गावात आईच्या खाणावळीत कंदाच्या पिठाचा अमला खायला बसा, पहिला घास तोंडात जायच्या आत तुम्हाला हे कळणार. "पोरीकडे पदवी आहे हो, वरच्या वर्गातली. पण काम नाही." तुम्ही विचारलेलं नसतं. तरी ती सांगते आणि गरम अमल्याचा आणखी एक गोळा ताटात आदळते.

आता पोरगी शिकली काय, तर लोकप्रशासन. सरकार कसं चालवावं ते चार वर्षं घोकून पाठ केलं. पदवी हातात पडेपर्यंत चालवायला सरकार उरलं होतं की नाही, देव जाणे. पदवीनंतरचं सक्तीचं राष्ट्रसेवेचं वर्ष तिनं पार उत्तरेत, वाळवंटाच्या तोंडाशी काढलं, पोरांना गणित शिकवलं आणि काळीठिक्कर होऊन घरी आली. मग अर्ज सुरू झाले. जाहिरातीत लिहिलेलं, वय पंचविसाच्या आत, अनुभव दहा वर्षांचा. म्हणजे बाईनं शाळेचा गणवेश घालूनच कारकुनी करायला हवी होती. एकदा ऑनलाइन परीक्षा ऐन रंगात असताना लाईट गेली. शेजारच्याचा जेनरेटर लावावा म्हटलं, तर पेट्रोलच्या रांगेत शेजारी स्वतःच सकाळपासून उभा. इबादानला जाऊन जाऊन चपला झिजल्या. सगळीकडे एकच प्रश्न, तुमचं माणूस कोण? माणूस म्हणजे वरचं माणूस. ते तिच्याकडे नव्हतं.

अलागा ती झाली ती मावशीच्या घशामुळे. आमच्याकडे साखरपुड्याला दोन अलागा, म्हणजे सोहळा चालवणाऱ्या बायका, लागतात, एक मुलाकडची, एक मुलीकडची. मुलाकडचे लोक वाजतगाजत मुलगी मागायला येतात आणि मुलीकडची अलागा त्यांना सुखासुखी आत घेत नाही. दारातून परत पाठवते, गाणी म्हणायला लावते, फिरक्या घेते. बायकांनी गुडघे टेकायचे, पुरुषांनी पोटावर पालथं पडून लोटांगण घालायचं. नवरामुलगा असो की त्याचा बाप, सुटका नाही. त्या दिवशी माइक तिचा आणि शब्दही तिचा. मावशी या कामात मुरलेली. एका शनिवारी तिचा घसाच बसला, आणि तिनं भाचीच्या हातात माइक कोंबला. फेहिंतोलानं तोंड उघडलं आणि पाच वर्षांत साहेबांपुढे गिळलेलं सगळं बाहेर आलं. लोक हसून हसून लोळले. तेव्हापासून एक शनिवार रिकामा नाही. पण आईच्या लेखी ते काम नव्हतंच. काम म्हणजे खुर्ची, पंखा आणि महिन्याचा पगार.

तर, ओलानियन गुरुजींच्या मुलीचं, अबेनीचं लग्न ठरलं, आणि मुलीकडची अलागा अर्थात फेहिंतोला. गुरुजींनी अर्धं गाव शिकवलं, निवृत्त झाले, आणि त्यांचं पेन्शन कुठल्या तरी टेबलावर अजून झोपलेलं आहे. मुलगा कोणाचा, तर ऑनरेबल अजिबोयेचा. ऑनरेबल म्हणजे आमचे निवडून आलेले. यांनी बाजारात नळ बसवला, फीत कापली, भाषण ठोकलं. पाणी काही उद्घाटनालाही आलं नाही. निवडणुका जवळ आल्या की घरोघर तांदळाच्या पिशव्या, पिशवीवर यांचा हसरा चेहरा. तांदूळ खाऊन संपतो, चेहरा तेवढा स्वयंपाकघरात लटकत राहतो. आता पुन्हा त्याच पिशव्या निघाल्या होत्या.

फेहिंतोलाच्या आईनं काय करावं? डबाभर अमला आणि बोकडाचं मटण घेऊन ती थेट ऑनरेबलच्या बंगल्यावर गेली. परत आली ती खुललेल्या चेहऱ्यानंच.

"झालं तुझं काम. ते म्हणाले, पोरीला कार्यालयात बसवतो. साखरपुडा पार पडला की सोमवारी पाठवा."

"असं कसं एकदम?" फेहिंतोलानं विचारलं.

"एकच म्हणणं आहे त्यांचं. गुडघा दुखतो. लोटांगण घालायला लावू नकोस."

"आई, मागच्या आठवड्यात ते प्रचाराच्या ट्रकवर नाचत होते. मी डोळ्यांनी बघितलं."

"ते मतांसाठी. मतं मागताना नाही दुखत गुडघा," आई अगदी गंभीरपणे म्हणाली.

फेहिंतोला फस्सकन हसली. आई हसली नाही. "माझे डोळे गेले चुलीपुढे. तुझी फी मी या धुरातून भरली. तुझ्याकडे कधी काही मागितलंय मी? एवढं एक कर. तुला खुर्चीवर बसलेली बघू दे मला."

आणि खोटं कशाला बोला, नोकरी तिलाही हवीच होती. भाड्याचा माइक आणि घामेजला फेटा कुणाला जन्मभर पुरतो? तिनं मान डोलावली. आई त्या रात्री गाणं म्हणत भांडी घासत होती.

शनिवारी गुरुजींच्या अंगणात मांडव उभा राहिला. मुलीकडच्यांना एकाच ताग्यातलं केशरी कापड, मुलाकडच्यांना हिरवं. गुरुजी शेजारी, म्हणून स्वयंपाक फेहिंतोलाच्या आईकडे, आणि तिच्याही अंगावर केशरी. लेकीला काम करताना ती पहिल्यांदाच बघणार होती.

मुलाकडचे गात आले. फेहिंतोलानं दारातच अडवलं. "कोण तुम्ही? पाण्याचा टँकर आणलाय का? नाही? मग चुकलात, आम्ही नळवाल्यांची वाट बघतोय." मांडव फुटला हसून. ऑनरेबलही हसले, निवडून आलेला माणूस हसतो तसे. दोनदा परत पाठवून तिसऱ्यांदा आत घेतलं. नवऱ्यामुलाला, बामिडेलेला, पुढे बोलावलं.

"काय शिकलात, जावईबापू?"

"यंत्र अभियांत्रिकी."

"अरे वा. आणि करता काय?"

"मोबाईल दुरुस्त करतो."

"बरं आहे, गाडी नाही तर निदान रिंग तरी वाजेल," ती म्हणाली, आणि ढोलवाल्या अयानलेरेनं ढोलावर तेच वाक्य वाजवून दाखवलं. आमचा ढोल बोलतो, आणि अयानलेरेचा जरा जास्तच बोलतो.

मग लोटांगणं. बामिडेले पडला, त्याचे मित्र पडले, काका पडले, एक मामा पोट मोठं असल्यामुळे मधेच अडकला, त्याला दोघांनी ढकलून पाडलं. बायका गुडघ्यांवर बसल्या. उभे राहिले ते फक्त ऑनरेबल. इस्त्रीचा पांढराशुभ्र पायघोळ अगबादा, हात पोटावर. त्यांनी फेहिंतोलाकडे बघितलं. तिनं चुलीकडे बघितलं. आई हातात पळी धरून उभी होती.

"ऑनरेबलचा गुडघा दुखतोय," फेहिंतोला माइकमध्ये म्हणाली. "आम्ही त्यांना सूट देतो."

ढोल थांबला. गुरुजींच्या बहिणी एकमेकींकडे बघायला लागल्या. गुरुजींनी नुसता चष्मा काढून पुसला. फेहिंतोलाच्या अंगाची लाही झाली. आपलंच तोंड आपण विकलं आणि तेही भर मांडवात, असं तिला झालं.

एवढ्यावर थांबले असते तर ते ऑनरेबल कसले. त्यांनी पुढे होऊन तिच्या हातातला माइकच घेतला. अलागाच्या हातून माइक कुणी घेत नाही, पण माइक दिसला की या माणसाचा हात आपोआप पुढे होतो. "माझ्या प्रिय मतदारांनो," त्यांनी सुरू केलं, मग आठवण झाली, "माझ्या प्रिय व्याह्यांनो, आजकालचे पदवीधर आळशी झालेत. सरकारनं ताट वाढून द्यावं म्हणतात. पण आम्ही तरुणांच्या पाठीशी आहोत. ही मुलगी बघा, पाच वर्षं घरी बसलेली. सोमवारपासून ही आमच्या कार्यालयात. मी शब्द देतो." त्यांच्या मागून आलेल्या दोन-चार जणांनी टाळ्या पिटल्या.

आणि चुलीकडून आई धावत आली. पळी टाकली, केशरी कापड सावरलं आणि ऑनरेबलच्या पायांपुढे तांबड्या मातीत दोन्ही गुडघे टेकले. "देव तुमचं भलं करो, देव तुम्हाला मोठं करो," ती म्हणत राहिली.

आईचे ते गुडघे बघितले आणि फेहिंतोलाच्या डोक्यात नोकरी उरलीच नाही. तिनं ऑनरेबलच्या हातून माइक काढून घेतला, अगदी हळू, हसतमुखानं.

"आई, ऊठ." मग मांडवाकडे वळून, "मंडळी, मुलगी कुणाची?"

"आमची," केशरी बायका म्हणाल्या.

"मागायला कोण आलंय?"

"ते."

"मग आज आपल्या घरची बाई गुडघ्यावर कशी?"

गुरुजींच्या बहिणी एकदम उसळल्या, "हो ना, कशी?"

"मुलीकडच्या बाईला मागणी घालणाऱ्यांनी गुडघ्यावर आणलं, तर त्याला दंड असतो," फेहिंतोला म्हणाली. असा कुठलाही दंड आमच्याकडे नाही. तिनं तो तिथल्या तिथे रचला होता. पण म्हाताऱ्या बायकांनी अशा काही माना डोलावल्या, जणू त्यांच्या आजीच्या आजीपासून चालत आलाय. "दंड म्हणजे लोटांगण. आणि ते आता नुसतं गुरुजींना नाही, ज्यांना तुम्ही आळशी म्हणालात त्यांनाही. पदवीधर कोण कोण आहेत इथे? हात वर करा."

पहिला हात ढोलवाल्या अयानलेरेचा. "भौतिकशास्त्र," तो म्हणाला. मग फोटोवाला, "कायदा." खुर्च्या भाड्यानं देणारा, "बँकिंग." मटणाचं पातेलं उचललेली पोरगी एक हात मोकळा करून म्हणाली, "प्राणिशास्त्र," आणि पातेल्यात बघून स्वतःच हसली. जमिनीवर पालथ्या पडलेल्या नवऱ्यामुलानं आणि त्याच्या मित्रांनी पडल्या पडल्या हात वर केले. घराच्या दारामागून, तोंडावरच्या ओढणीतून, नवरीचाही हात बाहेर आला, बांगड्या वाजवत. सगळा मांडव हातच हात. निम्मे गुरुजींचेच विद्यार्थी. गुरुजी एकेका हाताकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसतही होते.

ऑनरेबल तिच्याकडे झुकले. हसू तसंच ठेवून पुटपुटले, "सोमवार विसरलीस का, मुली?"

तिनं माइक तोंडापाशी नेला. "ऑनरेबल विचारतायत, सोमवार विसरलीस का? नाही विसरले. पण सोमवारचं सोमवारी. आज शनिवार आहे आणि आज तुम्ही आमची मुलगी मागायला आलाय."

तेवढ्यात हिरव्या बायकांतून ऑनरेबलची थोरली बहीण, रिस्कात आत्या, गुडघ्यांवरूनच ओरडली, "अरे, झोप की खाली. माझे गुडघे सोलवटले. मतं मागायला आलायस की सून?"

थोरल्या बहिणीपुढे ऑनरेबलही धाकटाच. अगबादा सावरत ते वाकले, मग बसले, मग पोटावर आडवे झाले. कपाळ मातीला टेकलं. मांडवात जे काही झालं ते काय सांगू? अयानलेरेनं ढोल बडवला, फोटोवाल्यानं चढून चढून खुर्ची मोडली, गुरुजींच्या बहिणी नाचायला लागल्या. गुरुजी उठले, सावकाश आले, ऑनरेबलना दंडाला धरून उठवलं, आशीर्वाद दिला आणि म्हणाले, "गुडघा बरा दिसतोय आता." ऑनरेबलनाच खुदकन हसू आलं, आणि ते हसू खरं होतं.

पण माणूस तो माणूसच. पानं वाढली जात असताना अगबाद्याची माती झटकत ते फेहिंतोलाजवळून गेले आणि न थांबता म्हणाले, "सोमवारी येऊ नकोस."

ती चुलीकडे गेली. लोकांपुढे जीभ चालवणं सोपं, आईपुढे काय बोलणार? आई मोठ्या पातेल्यात अमला घोटत होती. केशरी कापडावर गुडघ्यांच्या जागी तांबड्या मातीचे दोन डाग.

"आई, ते म्हणाले, सोमवारी येऊ नकोस."

आईचा हात थांबला नाही. "बरं झालं. सोमवारी मी रिस्कातला बोलावलंय."

"कशाला?"

"तिच्या धाकटीचा साखरपुडा आहे. म्हणाली, अलागा हीच पाहिजे, आणि माझ्या भावाला परत एकदा झोपव म्हणावं. मी सांगितलं, माझी मुलगी कामात असते, सोमवारी सकाळी येऊन भेटा."

फेहिंतोलाला पुढचं ऐकूच आलं नाही. माझी मुलगी कामात असते. तिनं तोंडावर हात धरला आणि तिथेच, चुलीच्या धुरात, रडायला लागली.

"रडतेस काय? रंग ओघळतोय सगळा," आई म्हणाली आणि पिठाळ हातानं तिचे गाल पुसायला गेली, तर तिचेच डोळे वाहत होते. "जा, माइक धर. अबेनी अजून द्यायची आहे."