पंखा फिरतच राहिला

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. लाइट गेली की मात्र आठवतं. सिरसाळ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. शेजारच्या फोटोवाल्याची नवी मोठी हार्डडिस्क त्याचा जुना मदरबोर्ड ओळखेना, म्हणून मी बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेटला लावलं. मध्येच लाइट गेली तर बोर्ड जातो, हे ठाऊक होतं; तरी उकाड्यापायी यूपीएसवर त्या कॉम्प्युटरऐवजी मी टेबलफॅन लावला होता. लाइट गेली, स्क्रीन काळी झाली, पंखा फिरत राहिला. संध्याकाळी फोटोवाला बायकोला घेऊन आला, तेव्हा मी म्हणालो, "बोर्ड गेलाय. घरी कुणी काही केलतं का?" ती घरी त्याच कॉम्प्युटरवर फोटो जुळवायला शिकत होती. "लई हौस ना तुला," तो तिला म्हणाला, "घे आता." पुढं आलेल्या नव्या कॉम्प्युटरला तिनं कधी हात लावला नाही. तुमची चूक नव्हती, एवढं त्या वहिनींना सांगायचं माझं अजून राहिलंय.