टाकळ्याची भाजी

बायको तापातून उठली आणि तिला टाकळ्याची भाजी खावीशी वाटली. म्हणून मी बोरिवलीच्या पार्कात गेलो. तिथे जंगलातल्या वाटेला टाकळा नुसता माजला होता. पिशवी भरून निघालो, तर गेटवर रखवालदाराने अडवलं.

"आजोबा, इथलं पानही तोडायचं नाही. ओता खाली."

"अरे, हे तण आहे! आमच्या कोकणात गुरंसुद्धा याला तोंड लावत नाहीत."

त्याने पिशवी रिकामी केलीच. बाहेर एक बाई टाकळ्याच्याच जुड्या विकत होती. पण टाकळा काय विकत घ्यायचा? आमच्यात कुणी घेतला नाही कधी. रिकामाच घरी आलो.

"मग आता तुमचा ताठा शिजवू का?" बायको म्हणाली आणि नुसती पेज पिऊन झोपली. मी रखवालदाराला शिव्या घालत बसलो.