कुंकवाची रेघ: भाईंदर ते कशेडी घाट

आजकालची मुलं गाडीने कोकणात जाताना मला रस्ता विचारतात. मी आधी चाकं कुठून घेतली ते विचारतो. हसतात.

सत्तरच्या दशकात धाकटा भाऊ विठ्ठल याने जुनी टॅक्सी घेतली. ती खेडला आईला दाखवायची होती. मूळची चाकं गंजलेली, म्हणून त्याने बाजारातून अॅल्युमिनियमची ओतीव चाकं आणली. स्वस्त, चकचकीत. वर छाप होता, ‘पास’.

“पास कोणी केलं?” मी विचारलं.

“दादा, शाळेत तुला कोणी केलं नाही, त्याचा राग चाकावर काढतोस?”

निघताना त्याच्या बायकोने, इंदूने, पाण्यात कालवलेलं कुंकू चारही चाकांना लावलं.

काशीगाववरून घोडबंदर रस्त्याने ठाणे, मग पनवेल. वडखळला गरम वडे मिळाले. तिथेच पोट भरून घ्यावं, पुढे धड काही नव्हतं. रस्ता अरुंद, समोर ट्रक आला की चिखलात उतरायचं.

महाडला नदीवर गाडी धुतली. कुंकू गेलं, पण पुढच्या उजव्या चाकावर, नटाच्या भोकापासून काठापर्यंत, केसाएवढी लाल रेघ राहिली. घासूनही जाईना.

“विठ्ठल, हे कोणाला तरी दाखवू या.”

“इंदूचं कुंकू पक्कं आहे, दादा. शुभ खूण कशाला घासतोस? बस.”

भीती वाटत होती, पण कसली ते मला सांगता येईना. बसलो.

कशेडीच्या वळणावर तेच चाक फुटलं. गाडी उजवीकडे ओढली गेली आणि दरडीवर आपटली. विठ्ठल त्याच बाजूला होता.

मी भाईंदरला एकटा परतलो, चाकाचा तुकडा पिशवीत घेऊन. तुटलेली कड आतपर्यंत लाल होती. छाप शाबूत होता. इंदूने त्यानंतर कोणाच्याच गाडीला कुंकू लावलं नाही. आपल्या हातात उणं आहे, असं तिने धरलं.

आता माझा नातू चाकांच्या कारखान्यात आहे. तो म्हणाला, तिथे चाक पास करण्याआधी लाल रंग लावून पुसतात. तडा असला की त्यात रंग उरतो, रेघ दिसते. चाक बाद.

मी इंदूला ते सांगितलं.

गेल्या महिन्यात नातवाने गाडी घेतली. सगळे नारळ शोधत होते, तेवढ्यात इंदू वाटीत कुंकू कालवून आली. चारही चाकांना भरपूर लावलं. थोडं थांबली. मग ओलं फडकं माझ्या हातात दिलं.

“आता पुसा, भावोजी.”

पुसलं. रेघ नव्हती. ती तरी वाकून पुन्हा पुन्हा बघत होती.