कंच्या वखारीला?

आमची गुणाक्का निपाणीच्या वखारीत तंबाखूची देठं काढून म्हातारी झाली. हट्टी लई. एकदा न्हाय म्हटली की देव आला तरी न्हायच. मी पाठचा भाऊ, मला इचारा.

तिचा एकुलता रवळू सावंतवाडीत गवंड्याच्या हाताखाली होता. जर्मनची लढाई लागली आणि आईला न इचारता गडी तिथंच पलटणीत भरती झाला. गाडीवान शामूजवळ त्यानं निरोप धाडला, "अमावस्येच्या दुसऱ्या दिशी वेंगुर्ल्यासनं आगबोट हाय. आईला म्हणावं, वखारीपाशी थांब. भेटून जातो."

शामूच्याच गाडीनं आंबोलीचा घाट उतरून आम्ही वेंगुर्लं गाठलं. बंदरावर सायबांचे बंगले, दीपगृह, शिडाची गलबतं. आक्काला त्याचं काय? तंबाखूचा वास आला तशी ती सरळ चालत सुटली आणि धक्क्याजवळच्या एका कोठाराच्या दारात दशम्यांचं गठुळं मांडीवर घेऊन बसली.

"आक्का, कुणाला तरी इचारू."

"जल्म वखारीत गेला माझा. वखार वळखायला मला शिकिवतोस व्हय रं?"

ऊन डोक्यावर आलं, रवळूचा पत्ता न्हाय. मी उठलो की ती धोतर धरून खाली बसवायची. म्हणायची, "चुकामूक हुईल." डोस्कं फिरलं माझं, पण करतो काय?

आगबोटीचा भोंगा झाला तवा एका हमालानं आमची चौकशी केली. ऐकून म्हणाला, "गे बाय, ह्यां गुदाम. वखार ती थंय गावात, वलंदेज गोऱ्यांची, पडकी. सकाळपासून एक शिपाय थंय उभो होतो. आताच तो पुळणीवरसून पडावात बसून गेलो."

धावत धक्क्यावर गेलो. पडाव आगबोटीकडं निम्मी वाट गेलता. आक्का हाका मारत हुती, पण पडावातल्या शिपायांच्या गर्दीत रवळू कंचा, तेबी कळंना. मला त्या वलंदेजांचाच राग आला. मेले दर्यापल्याडनं आले, वखार बांधली, आन् जाताना नाव तेवढं मागं ठेवून गेले.

रवळू लढाईतनं परत आला न्हाय. आक्का पुन्हा तंबाखूत बसली. अजून रोज सकाळी शेजारची मालुबाई दारातनं हाक मारती, "गुणाक्का, वखारीला येतीस न्हवं?"

वहाणा घालता घालता आक्का इचारती, "कंच्या गं?"