काळा रंग

गिर्यामा जमातीच्या त्या गावात म्हातारपण लपवावं लागतं. एखादं पोर आजारानं गेलं, की लोक आधी पांढरी डोकी शोधतात. चेटूक म्हणे तिथंच राहतं. त्यामुळं गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे केस काळे कुळकुळीत. नेवूचे केस तर दर महिन्याला तिचा मुलगा थोया स्वतः रंगवायचा. नारळाखाली तिला बसवून, कानाला डाग लागू नये म्हणून तेलाचं बोट फिरवून. बायका म्हणायच्या, नशीब काढलंस बाई.

मग थोयाचा धाकटा मुलगा तापानं गेला. त्याच सुमाराला शहरातला एक माणूस नेवूच्या नारळांची जमीन बघून गेला. थोयानं विक्रीचा कागद पुढं केला, नेवूनं अंगठा दिला नाही. पुढच्या महिन्यात रंग आला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही.

"संपलाय," थोया म्हणाला. "आणि कशाला लपवायचं, आई? दिसू दे की लोकांना."

नेवूला तेव्हाच कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं. तिनं डोक्याला लेसोचं फडकं गुंडाळलं आणि रोजच्यासारखी मक्याच्या पिठाची सिमा ढवळत राहिली. हात भरून येत होते. सगळंच भरून येत होतं.

शेजारची म्बोद्झे रंगाची वाटी घेऊनच आली. "तुझा थोया माडीच्या गुत्त्यावर काय सांगतोय ठाऊक आहे? म्हातारी रात्री उठून नातवाच्या थडग्यावर जाते म्हणे. बस खाली, आधी डोकं काळं करते."

"रंगवून काय होणार? मारायला येणारी पोरं डोकं बघून येणार नाहीयेत. थोयाचं ऐकून येणार आहेत."

"मग सरकारी चीफकडं चल. म्हाताऱ्या गुंगावर त्याचीच पोरं उठली तेव्हा आपण सगळ्या गप्प बसलो, घरातली भांडणं म्हणून. शेवटी कोयत्यानं तोडलेला पुरायला मात्र झाडून सगळे हजर."

"पोटचा आहे गं तो."

"ठाऊक आहे. ऊठ."

रंगाची वाटी तशीच राहिली. चीफच्या ऑफिसात नेवूनं गुत्त्यावरच्या बोलण्याचं सांगितलं, जमिनीचं सांगितलं, पण मुलाचं नाव काही ओठांवर येईना. म्बोद्झेनंच ते घेतलं. चीफनं थोयाला बोलावणं धाडलं.

थोया आला तो हातात रंगाची पुडी घेऊन. चेहरा अगदी गरीब. "साहेब, मी आईला मारीन? अख्ख्या गावाला विचारा, हिचे केस कोण रंगवतं. परवाच रंगवले. म्हातारपणी डोकं फिरतं, दुसरं काय."

चीफ नेवूकडं वळला. "खरं आहे का, आजी? तुम्ही हो म्हणालात तर मी दोघांना घरी पाठवतो."

घरी. नेवू किती दमली होती. एक हो म्हटलं की निजायला मोकळी, आणि थोयाही सुटला असता. ती त्याच्या बोटांकडं बघत राहिली. किती हलक्या हातानं रंगवायचा मेला.

तिनं लेसो सोडला. मुळाशी दोन बोटं पांढरंशुभ्र उगवलं होतं.

"अंगठा दिला नाही तेव्हापासून त्यानं माझ्या डोक्याला हात लावलेला नाही," ती म्हणाली. "पोलिसांना बोलवा. आणि नाव लिहून घ्या: थोया. माझा मुलगा."