सहा घरांचे सहा पंचे

सरला दाबकेने कुणाचं भांडं कधी रिकामं परत केलं नाही. तिच्याबद्दल सांगायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी. तुम्ही तिला डब्यातून मूठभर कोथिंबीर द्या, डबा परत यायचा तो वड्या घेऊन. घरात काहीच नसलं तर निदान चमचाभर साखर. मी तिला चिडवायचे, "अगं, हे नोव्हाय आहे, नागपूर नाही. इथे भांडं नुसतं परत आलं तरी लोक खूष होतात." ती म्हणायची, "असतील. मला नाही जमत."

मी सांगते ती गोष्ट १९८३ च्या उन्हाळ्यातली. मिशिगनमधल्या आमच्या या गावात तेव्हा मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. सरला गावच्या लायब्ररीत कामाला होती. तिचा नवरा उल्हास मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. मुलगी उत्तरा सतरा वर्षांची, इथेच जन्मलेली, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर मात्र इंग्रजीत देणारी.

आदल्या उन्हाळ्यात उत्तरा शाळेच्या एक्स्चेंज प्रोग्रॅममधून सहा आठवडे जपानला जाऊन आली होती. नागोयाजवळच्या एका गावात, एका शिक्षकाच्या घरी राहिली. परत आली ती वेगळीच. चपला काढल्या की त्यांची टोकं दाराकडे वळवून ठेवायची, अंथरूण सकाळी घडी करून कपाटात टाकायची, जेवणाआधी हात जोडून काहीतरी पुटपुटायची. सरलाला तर आनंदाचं भरतंच आलं. "अगं, मी इतकी वर्षं कानीकपाळी ओरडतेय, की चपला बाहेर काढ, अंथरूण उचल. ते ऐकायला हिला जपानला पाठवावं लागलं!"

करार असा होता, की पुढच्या वर्षी त्या घरची मुलगी, कुमिको, दाबक्यांकडे सहा आठवडे राहायला येणार.

पण पुढचं वर्ष उजाडलं तेच वाईट. डेट्रॉइटच्या आसपास मोटारींचे कारखाने धडाधड माणसं कमी करत होते, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच नाव, जपान. जत्रेत लोक रांगा लावून हातोड्याने जपानी गाडी फोडायचे आणि पोरंबाळं टाळ्या पिटायची. आदल्या जूनमध्ये एका चिनी वंशाच्या तरुणाला मारहाण होऊन त्याचा जीव गेला होता. मारणाऱ्यांचा राग जपानी गाड्यांवरचा होता, असं पेपरांत आलं होतं. आम्ही बायका फोनवर म्हणायचो, आपण कुठे जपानी आहोत. तरीही मी त्या दिवसांत दुकानात जाताना आठवणीने मोठं कुंकू लावत असे. भ्यायले होते, सरळ सांगते.

एप्रिलमध्ये उल्हास घरी आला तो चेहरा पाडून. ऑफिसात कुणीतरी थट्टेने म्हणालं होतं, तुझ्याकडे जपानी हेर येतोय म्हणे. "सरला, आपण हे कॅन्सल करू या. नेक्स्ट इयर बोलवू. मला हे ठीक दिसत नाही," तो म्हणाला.

"उत्तरा सहा आठवडे त्यांच्या ताटात जेवली," सरला म्हणाली. "आता त्यांची पोर यायची वेळ आली, तर आपण दार लावून घ्यायचं?"

"अगं, ताटाचा काय संबंध? टाइम काय आलाय ते बघ ना!"

संबंध होता. तिच्या लेखी उत्तरा म्हणजे त्यांच्याकडून भरून आलेलं भांडं होतं. शिवाय कुमिकोच्या आईचं पत्र आलं होतं, कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलेलं. माझी मुलगी तुमच्या हाती देते, असं त्यात होतं. सरलाने उलट टपाली कळवलं, जशी येईल तशी परत पाठवीन. हे वाक्य तिने मला फोनवर वाचून दाखवलं. कुणी असा शब्द देऊ नये.

जूनच्या शेवटी कुमिको आली. बारकी, हसरी, कपाळावर झुलपं. वरणभात तिला पहिल्या दिवसापासून आवडला. सरला भाकरी थापायला बसली, की ती शेजारी गुडघे मुडपून बसायची आणि तासभर हलायची नाही. दुसऱ्या दिवशी तिने बॅगेतून सहा चपट्या पुड्या काढल्या. सुंदर कागदात बांधलेले पातळ सुती पंचे, आपल्या पंच्यासारखेच, पण छापील. प्रत्येकावर वेगळी नक्षी. उत्तराने समजावलं, त्यांच्याकडे नव्या जागी राहायला गेलं, की शेजाऱ्यांना अशी भेट द्यायची आणि सांगायचं, मी आलेय, तुम्हाला त्रास झाला तर माफ करा.

सरलाच्या गल्लीत तिचं घर सोडून सहा घरं होती. कुमिकोच्या आईने पत्रातून विचारून, बरोबर मोजून पाठवले होते.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, राहू दे, इथे असं नसतं. सरलाला मात्र ते हळदीकुंकवाचं आमंत्रण करण्यासारखंच वाटलं. तिने इस्त्रीची साडी नेसली, कुठला पंचा कुणाला तेही स्वतः ठरवलं आणि त्या पोरीला घेऊन दारोदार गेली. दर दारात कुमिको कमरेत वाकून पाठ केलेलं वाक्य म्हणायची, "आय ॲम कुमिको. आय केम फ्रॉम जपान." संध्याकाळी सरलाने मला सगळं हौसेने सांगितलं आणि मी म्हणाले, "किती गोड गं!" एवढंच सुचलं मला. सहा घरांना आपण घरपोच बातमी देऊन आलोय, हे तिच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही नाही.

कोपऱ्यावर डेल राहायचा. बावीस वर्षं कारखान्यात काढून घरी बसलेला, दांडगा, अबोल माणूस. त्याने लाटांची नक्षी असलेला पंचा घेतला आणि एक शब्द न बोलता दार लावलं. शेजारची कॅरल मात्र कुमिकोच्या गळ्यातच पडली. कॅरल आणि सरला यांची नऊ वर्षांची मैत्री. हिचा चिवडा तिकडे, तिचा ॲपल पाय इकडे, काचेचं एकच भांडं दोन्ही घरांत फिरत असे. तिच्यासाठी सरलाने सगळ्यात देखणा पंचा ठेवला होता, निळा, पांढऱ्या बगळ्यांचा. कॅरलचा नवरा रॉन कारखान्यात फोरमन होता. तो पाठीमागे दारातच उभा होता, असं सरलाने नंतर आठवून सांगितलं.

चौथ्या दिवशी फोन सुरू झाले. ऐन जेवणाच्या वेळी वाजायचा, उचलला की नुसता श्वास. मग एका सकाळी उल्हासच्या गाडीच्या काचेवर चिठ्ठी सापडली, तिला घालवा. खाली नाव नाही. आणि त्याच दिवशी सरलाने डेलला ट्रकचं ऑइल तपासताना पाहिलं. हातात पुसायला लाटांचा पंचा, काळाकुट्ट झालेला.

ती तशीच माझ्याकडे आली. "त्याचंच काम आहे. माझ्याकडे बघत बघत पुसत होता गं."

कॅरलचंही तेच म्हणणं पडलं. ती धीर द्यायला पीच पाय घेऊन आली, त्याच काचेच्या भांड्यातून. "डेलपासून सांभाळून राहा," म्हणाली. त्या दिवसापासून सरला डोळ्यांत तेल घालून कुमिकोला जपायला लागली. कोपऱ्यावरून जायचं नाही, एकटीने पत्रपेटीपर्यंतही जायचं नाही. पोरगी मान डोलवायची आणि कारण विचारायची नाही. उत्तरा चिडायची, "आई, शी नोज. शी इज नॉट स्टुपिड."

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळचे सात वाजलेले, बाहेर अजून लख्ख ऊन. चौघं जेवायला बसली होती. कुमिको हात जोडून डोळे मिटून आपले शब्द म्हणत होती, आणि खिडकीची काच फुटून दगड तिच्या ताटाशेजारी येऊन आदळला. उल्हास बाहेर धावला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आत सरला कुमिकोचं डोकं पोटाशी धरून बसली होती. भुवईच्या वर चिरलं होतं, रक्त थांबत नव्हतं. आणि ती पोरगी फुटलेल्या खिडकीकडे बघून सारखी म्हणत होती, "विंडो, सॉरी. सॉरी."

दगड कापडात गुंडाळलेला होता. सरलाने ते उलगडलं. निळं कापड, पांढरे बगळे.

मला ती म्हणाली, "त्या क्षणी मला दगडाची भीती नाही वाटली. मी फक्त कापडाकडे बघत राहिले."

हॉस्पिटलात चार टाके पडले. पोलीस आले, लिहून घेतलं, उनाड पोरं असतील म्हणाले. सरला पंच्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. उल्हासनेच तिला डोळ्यांनी दटावलं होतं. इथेच राहायचं होतं ना त्यांना. मला त्याचा तेव्हा राग आला आणि अजूनही येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात डेल उभा. बगलेत प्लायवूडची फळी, हातात हातोडी. कुणालाही न विचारता त्याने खिडकी बंद करून दिली. जाताना कुमिकोच्या कपाळाकडे बघून मान खाली घातली. कापड मिळालं, तेल पुसायला चांगलं होतं, म्हणून त्याने वापरलं. बाकी त्याच्या मनात काही नव्हतं.

रॉनची नोकरी जून संपायच्या आतच गेली होती, हे गावाला ऑगस्टमध्ये कळलं.

कुमिको तीन आठवडे आधीच परत गेली. विमानतळावर ती सरलापुढे इतकी वाकली, की तिची झुलपं खाली पडून टाके दिसले. सरलाने तिच्या आईला पत्र लिहिलं. ते लिहायला तिला पाच दिवस लागले. जशी येईल तशी पाठवीन, असं लिहिलं होतं ना.

सप्टेंबरात उत्तर आलं, पत्र नव्हे, पार्सल. आत सहा नवे पंचे, आणि चार ओळी. आमच्या मुलीमुळे तुम्हाला आणि तुमच्या शेजाऱ्यांना त्रास झाला, त्याबद्दल आम्ही फार दिलगीर आहोत. कृपया हे सगळ्यांना द्या.

सरलाने मला बोलावून घेतलं, तेव्हा ते टेबलावर मांडलेले होते. शेजारी कॅरलचं काचेचं भांडं, घासून लख्ख केलेलं. दोन महिने ते ओट्यावर तसंच होतं. सरलाने एक पंचा उचलला आणि डेलला देऊन आली. मग भांडं घेतलं आणि मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

"त्यात काय घालतेयस?"

तिने चपला घातल्या आणि दार उघडलं.

कॅरलने दार उघडलं आणि ती भरभरून हसली. झाकण काढून आत बघितलं. "एम्प्टी? सरला, आर यू सिक?" तिने थट्टेत विचारलं.

"नो," सरला म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.

नऊ वर्षांत ते भांडं एकदाही रिकामं गेलं नव्हतं. कॅरलचं हसू हळूहळू विरलं. तिने मागे वळून, रॉन आताशा दिवसभर असायचा त्या गॅरेजच्या दाराकडे पाहिलं, मग पुन्हा भांड्यात पाहिलं, जणू तळाशी काही राहिलं असेल.  मग तिने झाकण लावलं.

घरी आल्यावर सरला खुर्चीत बसली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा रडली. "चुकलं का गं माझं?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं, मनापासून म्हटलं. पण त्यानंतर ती कुणाकडून भांडं घेईनाशी झाली. आमच्याकडूनसुद्धा.